आरशावरचा नवा कोड

सलूनवाल्याने आरशाच्या कोपऱ्यात पैसे घ्यायचा नवा कोरा कोड चिकटवला, दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि पहिल्या गिऱ्हाईकाच्या गालाला साबण फासला. जुना कोड पाणी उडून उडून पार पुसला गेला होता. शिवाय आज संध्याकाळी वर-खाली होणारी नवी खुर्ची यायची होती. पैसे जागेवर द्यायचे, नाहीतर खुर्ची समोरच्या सलूनमध्ये जाणार, असं खुर्चीवाल्याने बजावलं होतं. थोडे कमी पडत होते, पण ते आज रविवारच्या गर्दीत सहज निघणार होते.

गर्दी झालीही तशीच. हात साबणाने भरलेले, त्यामुळे सलूनवाला प्रत्येकाला एवढंच विचारी, "हिरवी खूण आली का?" आली म्हटलं की पुढचा.

"दुकान बाईंच्या नावावर दिसतंय," एक मिशाळ गिऱ्हाईक फोनकडे बघत म्हणालं.

"आमच्याकडे सगळं बाईंच्याच नावावर असतं!" सलूनवाला स्वतःच्याच विनोदावर इतका हसला, की गिऱ्हाईकाच्या मिशीचं एक टोक उडालं. दोन्ही बाजू सारख्या करता करता मिशीच संपली. गिऱ्हाईकाने कपाळाला हात लावला आणि पैसे दिले.

संध्याकाळी दारात टेम्पो थांबला. सलूनवाल्याने हात पुसून फोन उघडला, तर खात्यात सकाळी होते तेवढेच पैसे. दिवसभराचा एक छदामही नाही! तो आरशाकडे धावला. कोडखालचं बारीक अक्षरांतलं नाव त्याने पहिल्यांदाच वाचलं. ते त्याच्या सासूबाईंचं होतं.

आदल्याच दिवशी त्याने मोठ्या तोऱ्यात सासूबाईंच्या फोनवर पैसे घ्यायची सोय लावून दिली होती. दोघांचे फोन सारखे, आणि कव्हरं बायकोने एकावर एक फुकट मिळतात म्हणून आणलेली. कोड कुठल्या फोनमधून छापायला गेला, ते आता लख्ख कळलं. त्याने घाईघाईने सासूबाईंना फोन लावला.

"जावईबापू!" तो तोंड उघडायच्या आत पलीकडून हुंदका आला. "सकाळपासून नुसते पाठवताय! आणि मला संकोच वाटू नये म्हणून निरनिराळ्या नावांनी! पोटच्या पोराने कधी विचारलं नाही हो."

"आई, ते... त्याचं असं झालं..."

"काही बोलू नका. आत्ताच मशीनमधून सगळे काढून आणलेत."

फोन ठेवतो तोच बायकोचा आला. "अहो, आईने सांगितलं मला. आणि मी तुम्हाला काय काय बोलत असते!" तिचा आवाज इतका मऊ त्याने लग्नानंतर ऐकला नव्हता.

"त्यात काय एवढं!" सलूनवाल्याच्या तोंडून निघून गेलं. "कर्तव्यच आहे माझं."

बाहेर खुर्चीवाला पुन्हा दोर बांधू लागला. समोरचा सलूनवाला दारात येऊन खिसा चाचपत उभा राहिला. तेवढ्यात रिक्षा थांबली, सासूबाई उतरल्या आणि त्यांनी पिशवीतल्या नोटा खुर्चीवाल्याच्या हातावर ठेवल्या. "कमी पडत होते ना? लेक म्हणाली होती मला."

उरलेले पैसे सलूनवाल्याने फोनवरून दिले, या वेळी नाव दोनदा वाचून. खुर्ची आत आली आणि तिच्यात सगळ्यात आधी सासूबाईच बसल्या. सलूनवाल्याचे डोळे भरून आले. "आई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? तुमचेच आहेत. दुपारीच कळलं मला. पैशांबरोबर मजकूर येतो ना! कुठला जावई सासूला 'दाढी-कटिंग' लिहून पैसे पाठवेल? एकाने तर 'माझी मिशी परत द्या' असं लिहिलंय."

"मग फोनवर ते रडणं?"

"म्हटलं, बघू तरी, जावई खरं बोलतो की आशीर्वाद गिळतो."

सलूनवाल्याने आवाज खाली आणला. "आणि हिला...?"

"लेकीला मी काही सांगायची नाही." सासूबाईंनी खुर्चीचा दांडा ओढला आणि त्या सावकाश वर गेल्या, जावयाच्या डोक्याच्याही वर. "फक्त पुढच्या महिन्यापासून थोडे खरंच पाठवत जा."