वन डायमंडचे तीन अर्थ

नव्या जिल्ह्याला कचेऱ्या मिळाल्या, कचेऱ्यांना साहेब मिळाले, साहेबांना क्लब मिळाला. पाणी तेवढं मिळायचं राहिलं होतं. गुरुबसप्पा टंचाईच्या कचेरीत अव्वल कारकून होता. त्याच्या भाड्याच्या घराच्या बोअरला अजून पाणी होतं, म्हणजे त्या साली लातुरात तो सुखी माणसांत मोडत होता. नेमकी तेव्हाच त्याची अहमदपूरला बदली होणार अशी कुणकुण लागली.

"साहेबाला सांगून टाका, बोअर सोडून मी कुटं येत न्हाई," त्याची बायको शिवकांता म्हणाली.

त्यानं अर्थातच जरा सौम्य शब्दांत राजहंससाहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बघू."

साहेबांच्या या 'बघू'चे कचेरीत तीन अर्थ ठरलेले होते: होईल, होणार नाही, आणि तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंच नाही. यातला कोणता, हे कुणी विचारत नसे. लोक नमस्कार करून बाहेर येत आणि गुरुबसप्पाकडून अर्थ लावून घेत. एकदाच औशाकडची सरजाबाई रिकामी घागर काखेत घेऊन टेबलापुढून हलेना. "बघू म्हंजे काय साहेब? हाव का न्हाई?" तिनं विचारलं. असं तोंडावर विचारायची साहेबांना सवय नव्हती. ते गडबडून "हो" म्हणून गेले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या गावाला टँकर गेला. कचेरीनं त्याला अपघात मानलं.

अशात क्लबात नांदेडकरांशी पत्त्यांतल्या ब्रिजचा सामना ठरला. त्यांचा क्लब जुना, खेळाडू मुरलेले. त्यांना हरवल्याशिवाय लातूर हा जिल्हा झाला असं म्हणता येणार नाही, असं साहेबांचं मत पडलं. साहेबांचा नेहमीचा जोडीदार बदली होऊन गेला होता. गुरुबसप्पा सोलापूरच्या बोर्डिंगात ब्रिज शिकलेला, म्हणून ती जागा त्याला मिळाली. करंडक आला तर अहमदपूर टळलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

ब्रिजमध्ये समोरासमोरच्या जोडीदारांना एकमेकांची पानं दिसत नाहीत. खेळाआधी ज्या बोली बोलायच्या, त्यांतूनच काय ते कळवायचं. साहेबांची पद्धत अशी, की हातात दांडगी पानं असली की 'वन क्लब' म्हणायचं. गुरुबसप्पानं भीत भीत शंका काढली, की दांडगी पानं त्याच्याकडे आली तर?

"तुम्ही वन क्लब म्हणू नका. मोठ्या पानांची बोली वरिष्ठांकडेच राहू द्या," साहेब म्हणाले.

आता आली का पंचाईत. मोठी पानं कारकुनाला येऊ नयेत असा नियम पत्त्यांना कोण लावणार? गुरुबसप्पानं विचार केला आणि साहेबांच्याच 'बघू'वरून त्याला युक्ती सुचली. त्यानं आपल्यापुरते 'वन डायमंड'चे तीन अर्थ केले: पानं सुमार आहेत, पानं बरी आहेत, किंवा पानं इतकी जबर आहेत की सांगायची चोरी. यातलं कोणतं, हे कळायला जोडीदारानं 'वन हार्ट' म्हणायचं. वन हार्ट म्हणजे नुसता प्रश्न. मग पुढच्या बोलीत उत्तर द्यायचं. साहेबांना पद्धत सांगितली तेव्हा ते "कळलं, पुढे" म्हणाले. खरा सराव झाला तो घरी. शिवकांता मेंढीकोट खेळणारी बाई, पण नवऱ्यानं वन डायमंड म्हटलं की तिचं वन हार्ट तयार.

"विचारल्याबिगर कळंल कसं?" ती म्हणायची. गुरुबसप्पाला आपल्या पद्धतीचा मोठा अभिमान वाटू लागला.

सामना अगदी अटीतटीचा झाला. शेवटचा डाव उरला आणि गुरुबसप्पानं पानं उचलली. एक्का, राजा, राणी, गुलाम धरून आठ चौकट. बाकी तिन्ही रंगांचे एक्के. त्यांतल्या दोघांबरोबर त्यांचे राजे. तेराच्या तेरा हात तो एकटाच काढणार होता. दुसरा कुणी असता तर थेट 'सेव्हन डायमंड', म्हणजे तेराही हातांची बोली, बोलून मोकळा झाला असता. पण वरिष्ठांना डावलून एकदम सात म्हणणं गुरुबसप्पाच्या रक्तात नव्हतं. शिवाय पद्धत होती. त्यानं घसा खाकरून वन डायमंड म्हटलं.

बोलीचा अर्थ प्रतिपक्षानं विचारला तर जोडीदारानं सांगायचा असतो. नांदेडचे शेषेराव वकील साहेबांकडे वळले.

"ह्येचा अर्थ काय, साहेब?"

"तीन अर्थ आहेत."

"मंग त्यातला कोणता?"

"ते एकानं विचारायचं असतं."

"कोणी?"

साहेबांनी हातातली पानं उगाच सारखी केली. "मी," ते म्हणाले.

शेषेरावांनी पास म्हटलं. आता पाळी साहेबांची. वन हार्ट म्हणायचं म्हणजे सगळ्या नांदेडकरांदेखत, स्वतःच्या कचेरीतल्या कारकुनाला, 'बाबा, तुला काय म्हणायचंय?' असं विचारायचं. साहेबांनी उभ्या नोकरीत हाताखालच्या माणसाला असं कधी विचारलं नव्हतं. गुरुबसप्पा देवाला हात जोडल्यासारखा पानं धरून बसला होता. साहेबांनी चष्मा पुसला, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "पास."

वकिलांच्या जोडीदारानं सुद्धा लगबगीनं पास म्हटलं आणि वन डायमंड ही सात हातांचीच बोली कायम झाली. सात हात पुरणार होते तिथे गुरुबसप्पानं तेरा काढले, एकेक करून, मान खाली घालून. बोलीबाहेरच्या फुकटच्या सहा हातांना ब्रिजमध्ये कोण विचारतो? करंडक नांदेडला गेला.

बाहेर जीपपाशी साहेब म्हणाले, "तुमच्या पद्धतीत स्पष्टता नाही, गुरुबसप्पा." त्यानं ते मान्य केलं. मग सगळा धीर गोळा करून त्यानं अहमदपूरचा विषय काढला.

"बघू," साहेब म्हणाले आणि जीप गेली.

घरी शिवकांता दारातच उभी होती. त्यानं सगळं सांगितलं.

"बघू म्हंजे तीनातलं कोणतं?"

"ते कसं कळावं?"

"मंग इचारलं न्हाई?"

"साहेब हायेत ते. त्यांना कसं इचारावं?"

"त्या सरजाबाईनं इचारलंच की."

"तिचं काय जातंय," गुरुबसप्पा म्हणाला, "तिची कुटं बदली होणार हाय?"

शिवकांतानं स्टूल ओढलं, माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि अहमदपूरला न्यायची भांडी बोअरच्या पाण्यानं घासायला बसली.