मार्कांना तीट

उकंडरावांना सगळं कळतं, ही गोष्ट गावात सर्वांत आधी कोणाला कळली असेल तर ती खुद्द उकंडरावांना! हळद किती उकळावी, मोबाइलचा टॉवर कोणाच्या वावरात बसवावा, जावयाला किती बोलू द्यावं, सगळ्यावर त्यांचं मत तयार. कोणी विचारायची वाटसुद्धा ते बघत नसत. त्यांची वर्षाराणी दहावीत त्र्याण्णव टक्के घेऊन आली तेव्हा "पोट्टी गेली कोनावर?" हा प्रश्न त्यांनीच विचारला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून उत्तरही त्यांनीच दिलं.

एस.टी. थांब्यावर फ्लेक्स लागला. कोपऱ्यात वर्षाराणी आणि मधोमध फेटा बांधलेले उकंडराव!

इथेच माशी शिंकली. त्याच आठवड्यात पोरीला सणकून ताप भरला. ती दवाखान्यातून घरी येते न येते तोच भरात असलेली म्हैस आटली. पोरीच्या आईने, मनकर्णाबाईंनी, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तर घरात कोणाला साधा ठसका लागला नाही! म्हणजे दृष्ट भारीतली होती.

"तरी म्या सांगतलं होतं, एवढा मोठा फोटू लावू नोका," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"तो मोठा फोटू माहा होता!"

"मंग तुमाले काहून नाई लागली?"

उकंडराव विचारात पडले. ते विचारात पडले की दुसऱ्या कोणाला तरी खड्ड्यात घातल्याशिवाय बाहेर येत नसत. संध्याकाळी ते मांडीवर थाप मारून उठलेच.

"लेकराच्या गालाले आपन तीट कायले लावतो? नजर लागू नाई म्हनून. तशीच मार्काले लावू!"

"मार्काले तीट?"

"अकरावीत! दहावीचे मार्क धरतेत, बारावीचे धरतेत. मधातली अकरावी कोनी इचारते का? तिथं लावून द्याची काळी तीट. लोकं म्हनतीन, गेली पोट्टी कामातून! त्याइची नजर हटली का बारावीत दनादन मार्क."

"पोरीले तं इचारा."

"तीट लावताना लेकराले इचारतेत काय वो?"

पोरीला नर्स व्हायचं होतं. तापात पडली असताना एका सिस्टरने पहिल्या झटक्यात तिच्या हाताची शीर शोधली आणि "दुखलं का गं?" म्हणून विचारलं, तेव्हापासून तिचं ठरलं होतं. सरकारी नर्सिंगची जागा बारावीच्या मार्कांवर मिळते आणि खाजगी कॉलेज आपल्या घराला झेपणारं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जागा मिळाली तर सरकारी, नाहीतर नाही!

कॉलेजात अकरावीचा सगळा निकाल जगदेव सरांकडे असे आणि पेपर तपासायची त्यांची एक रीत होती. ते तपासतच नसत! पेपरांचा गठ्ठा बांधायचा, कपाटात टाकायचा आणि सगळ्यांना सत्तर ते ऐंशीच्या मध्ये कुठेतरी बसवायचं. पोरं खूश, पालक खूश, सर मोकळे. अशा सुखाच्या संसारात पहिल्या सत्राची परीक्षा झाल्यावर उकंडराव येऊन उभे राहिले.

"सर, माह्या पोरीचे मार्क कमी करा."

सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. एवढ्या नोकरीत असा बाप त्यांनी पाहिला नव्हता. "कमी? अहो, चांगला पेपर लिहिला असंल तिनं!"

"तुमी पाह्यला का?"

सर खोकले. "नाही."

"मंग? पासापुरते ठेवा. घरचा मामला हाये, पोरीले सांगू नोका."

"बरं बा. वार्षिकले वाढवून देतो, म्हनजे भरपाई होऊन जाईन."

निकाल लागला. शेजारच्या शेषरावाचा मुन्ना तिच्याच वर्गातला, पण सत्रभर पानठेल्यावर बसून होता. ठेला कॉलेजच्या रस्त्यावर होता म्हणून त्याला कॉलेज ठाऊक, एवढंच! त्याला अठ्ठ्याहत्तर. वर्षाराणीला अडतीस.

ती घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही. गावातल्या बायका हळहळल्या, "चांगली होती वो पोरगी!" हे ऐकून उकंडरावांना असं काही समाधान वाटलं म्हणता! तीट बरोबर बसली होती. त्यात म्हैस गाभण राहिली. आता तर पुरावाच मिळाला!

मार्चात टाळेबंदी लागली. वार्षिक परीक्षा झालीच नाही आणि पहिल्या सत्राचे मार्क हेच अकरावीचे मार्क ठरले. भरपाई राहिली सरांच्या तोंडात. "जाऊ द्या ना," उकंडराव म्हणाले, "अकरावीले इचारते कोन!"

बारावीचं वर्ष मोबाइलवर सुरू झालं. घरात रेंज नाही, म्हणून पोरगी दिवसभर पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसे. एक दिवस तिने विचारलं, "बाबा, मी ढ झाली का?"

खरं काय ते उकंडरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलेली तीट लागू पडत नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. "अभ्यास कर, बाई," ते म्हणाले, आणि पोरगी अजूनच नेटाने अभ्यासाला लागली. हाही तिटीचाच गुण, असं त्यांना वाटलं.

मग बारावीची परीक्षाही रद्द झाली! सगळा महाराष्ट्र विचारत होता, आता मार्क द्यायचे कशाचे? उत्तर मुन्नाच्या मोबाइलवर आलं.

"काका, ठरलं! तीस टक्के दहावीचे, तीस टक्के अकरावीचे, चाळीस टक्के बारावीचे!"

"कोन्त्या अकरावीचे?" उकंडराव ताडकन उठले.

"आता अकराव्या दोन-चार असतेत काय, काका? आपलीच!"

त्यांनी तशीच फटफटीला किक मारली. "बाबा, मीबी येतो, सराले इचारतो," म्हणत वर्षाराणी मागे बसली. नाही म्हणायला त्यांना कारण सुचलं नाही. पोरीला बाहेर फटफटीपाशी उभं करून ते सरांच्या ओसरीत घुसले.

"सर, पुसा ते!"

"काय पुसू?"

"तीट! पोरीचे अडतीस मार्क! म्याच सांगतले होते कमी कराले, आता म्याच सांगून राह्यलो, वाढवा!"

जगदेव सरांचाच चेहरा उतरलेला होता. "उकंडराव, निकाल तेव्हाच सही-शिक्क्यानं गेला. आता एक आकडा खोडला तं माही नोकरी जाईन."

"मंग पेपर काढा! आता तपासा!"

"रद्दीत गेले ते," सर खाली बघून म्हणाले. "मागच्या दिवाळीले."

उकंडराव वळले तर वर्षाराणी दारात उभी. सर आपल्याला बोलावतात की काय म्हणून ती पुढे आली होती.

"तुमी सांगून कमी केले?"

"बाई, नजर लागली होती तुले... म्हैस आटली होती..."

"मी रातरातभर रडली, बाबा. दीड वर्ष मले वाटलं मीच ढ आहो. मी तुमाले इचारलंबी होतं."

ती ओरडली असती, रडली असती तर उकंडरावांनी समजूत काढली असती. त्यांना तेवढं येत होतं. पण ती नुसती पायीच घराकडे निघाली. उकंडराव गाडी ढकलत मागे मागे चालले. गाडी चालू करायची त्यांना लाज वाटली.

निकाल आला. अडतीसाने खाली ओढलेली वर्षाराणी शहात्तर, घरबसल्या पुस्तक उघडून बारावीचे पेपर दिलेला मुन्ना अठ्ठ्याहत्तर. सरकारी नर्सिंगची यादी सत्त्याहत्तरला थांबली. शेषरावाने सहज भरून ठेवलेल्या अर्जावर मुन्नाला जागा मिळाली! कोंबडी कापताना पाहिली तरी ज्याला चक्कर येते तो मुन्ना! एस.टी. थांब्यावर त्याचा फ्लेक्स लागला. शेषराव सरळ माणूस. त्याने शेजारधर्म म्हणून शुभेच्छुकांत पहिला फोटो उकंडरावांचा टाकला, जुनाच, फेट्यातला.

जायच्या आदल्या दिवशी मुन्ना दारात आला. "वर्षे, तुह्या जीवशास्त्राच्या वह्या देतं काय वो? मले तं काहीच येत नाई."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने आढ्याकडे बघितलं. वर्षाराणी आत गेली आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. पाण्याच्या टाकीवर उन्हात बसून लिहिलेल्या वह्या होत्या त्या. द्यायच्या आधी तिने कोनाड्यातली काजळाची डबी उघडली, बोट बुडवलं आणि वरच्या वहीवर काळा ठिपका लावला.

"हे काय वो?" मुन्ना म्हणाला.

"तीट," ती म्हणाली. "आमच्या घरी लावतेत. लेकराले इचारत नाईत."

मुन्ना हसत हसत वह्या घेऊन गेला. उकंडराव उठले, "म्हैस पाहून येतो," असं हवेतच म्हणाले आणि गोठ्यात जाऊन बसले. म्हैस मजेत रवंथ करत होती. सकाळ-संध्याकाळ बादली भरून दूध देत होती. तिटीचा गुण आला होता तो तिला एकटीला!