उघड्या पत्र्याला केसांचं तेल

गाडीवर गंजाचा डाग दिसला की मान फिरवून घरात जावं आणि चहा प्यावा, हे शहाणपण मला बावन्नाव्या वर्षी आलं. (बाकीची शहाणपणं अजून वाटेत आहेत.)

आमच्या आकिताच्या किनाऱ्यावर हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ वितळायला. उरलीसुरली कसर समुद्राचा वारा भरून काढतो. त्यामुळे इथे गाड्या म्हाताऱ्या होत नाहीत, मुरतात, मुळ्याच्या लोणच्यासारख्या. आमची गाडी सतरा वर्षं मुरत होती.

मार्चमधला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आमच्या लेकीच्या, नात्सुमीच्या, होणाऱ्या सासू-सासऱ्यांशी पहिली भेट होती, बंदराजवळच्या जेवणघरात. म्हटलं, निदान गाडी तरी धुऊन नेऊ. धुताना मागच्या मडगार्डवर चवळीच्या दाण्याएवढा तांबूस डाग दिसला.

"हात लावू नका," बायको म्हणाली. हारुए मला सत्तावीस वर्षं ओळखते. "सोमवारी गॅरेजात द्या. मी ताईकडून किमोनो घेऊन येते. तोवर कशालाही हात लावू नका."

ती गेली आणि मी पॉलिश पेपर काढला. एक दाणाच तर होता.

दाणा घासला तर खाली जर्दाळू निघाला. जर्दाळू घासला तर बशी. शेजारचे कुमागाई आजोबा कुंपणावर हनुवटी टेकून बघत होते. त्यांनी चाळीस वर्षं गोदीत जहाजं रंगवली, त्यामुळे आमची गाडी त्यांना खेळणं वाटते.

"गंज अर्धा ठेवून चालत नाही, मोगामी-सान. चांगला पत्रा लागेपर्यंत घासायचं."

"आणि चांगला पत्रा लागलाच नाही तर?"

"मग पलीकडे निघायचं."

दुपारपर्यंत मडगार्ड आणि मागचं दार मिळून एक सतरंजीभर जागा नागडी झाली. पत्रा आरशासारखा चमकत होता. त्यात मी स्वतःला पाहिलं. थकलेला, पण कर्तबगार दिसलो.

"छान," आजोबा म्हणाले. "आता प्रायमर मारा. उघडा पत्रा, त्यात हा वारा. उद्या सकाळपर्यंत लाल होईल."

मी सायकलवरून जाऊन प्रायमरचा डबा आणला. डब्यावर लिहिलं होतं, हवा दमट किंवा फार गार असल्यास लावू नये. त्याच क्षणी भुरभुर सुरू झाली, अर्धा पाऊस, अर्धा बर्फ. (आमच्या गावात तो डबा फक्त ऑगस्टमध्ये विकायला हवा.) मी हारुएचं केस वाळवायचं यंत्र आणून पत्रा गरम केला. यंत्रातून निळा धूर निघाला आणि ते कायमचं गप्प झालं.

"तेल लावून ठेवा," आजोबांनी घरात जाता जाता सांगितलं. "गोडं तेल नको, चिकट होतं. त्सुबाकीच्या फुलझाडाचं असेल तर उत्तम. तलवारींना तेच लावतात."

ते आमच्या घरात होतं. हारुएच्या आरशापुढे एक छोटी बाटली, तिच्या ताईने दूर दक्षिणेच्या बेटावरून आणलेली, उद्याच्या केशरचनेसाठी राखलेली. मी दोनच थेंब घेणार होतो. पण पत्रा तहानलेला होता.

पाऊस वाढला. तेल वाहून जाऊ नये म्हणून मी उरलेलं अन्न झाकायची प्लॅस्टिकची फिल्म घेतली आणि गाडीचा मागचा अर्धा भाग, टपावरून आणि पोटाखालून, गुंडाळून काढला. पोटाखालून म्हणजे मी स्वतः ओल्या जमिनीवर उताणा. पाच रोल लागले.

हारुए परतली. तिने गाडी पाहिली. घरात गेली. आरशापाशी जाऊन परत दारात आली.

"अहो, बाटली?"

"गाडीला लागली."

"सगळी?"

"मागच्या दाराला जरा जास्त."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी मागची दोन्ही दारं फिल्मखाली बंद. सोडायचं म्हटलं तर बाहेर पाऊस. शेवटी नात्सुमी पुढच्या सीटवरून रांगत मागे गेली, हारुए किमोनो सावरत पुढे बसली आणि आम्ही फडफडत निघालो.

"बाबा," मागून आवाज आला, "लांब पार्क करा. शक्य असेल तर दुसऱ्या गावात."

पण होणारे व्याही, तोगाशी-सान, बायको आणि मुलाला घेऊन जेवणघराच्या दारातच उभे होते. चष्म्यावर पावसाचे थेंब, चेहऱ्यावर हसू. आमची गाडी पाहून ते हसू मावळलं.

"अरे वा! नवी कोरी! अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही!"

"छे छे, नवी कसली, जुनाट डबा आहे," मी वाकून म्हणालो.

आता आमच्याकडे कुणीही आपल्या वस्तूला जुनाट डबाच म्हणतो. तोगाशी-सान बायकोकडे वळले. "बघ, किती विनय!"

"खरंच जुनी आहे हो. गंजलेली आहे."

"काय हा नम्रपणा!" ते आणखी खाली वाकले. मी जितकं खरं बोलत होतो तितका थोर होत होतो. मग ते हळूच म्हणाले, "मोगामी-सान, आमची गाडी बारा वर्षांची. घरही साधंच. तुमच्या मुलीला आमच्याकडे निभेल ना? एवढा थाट आम्हाला नाही हो झेपायचा."

त्यांचा मुलगा बुटांकडे बघू लागला. नात्सुमी अजून मागच्या सीटवरून पुढे रांगत होती, तिथेच थांबली. हारुएने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सत्तावीस वर्षं होती.

तेवढ्यात समुद्राकडून वाऱ्याचा एक झोत आला. फिल्म फाटली, हातभर तुकडा सुटला आणि जाऊन सौ. तोगाशींच्या गालावर चिकटला. तेलाची बाजू आत.

त्यांनी तुकडा सोलून काढला, बोटाने गाल पुसला आणि बोट नाकाशी नेलं.

"त्सुबाकी?"

"माझं," हारुए म्हणाली. "केसांचं. यांनी गाडीला लावलं."

"माझे वडील सुऱ्यांना धार लावायचे," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "पोलादाला हेच लावायचे. संध्याकाळी घरभर हाच वास असायचा. तीस वर्षांनी आला बघा." मग त्या फाटलेल्या फिल्मआड वाकल्या. "पण मग ही गाडी…?"

"सतरा वर्षांची आहे," नात्सुमी सीटवरून ओरडली. "आज तर दारही उघडत नाही!"

"सतरा!" तोगाशी-सानांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. मी आयुष्यात कुणाला एवढं सुखावताना पाहिलेलं नाही. "आमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी! अहो, मग आत चला ना, सूप गार होतंय!"

लग्न ऑक्टोबरचं ठरलं. जेवताना दोघी बायका एकमेकींना चिकटून बसल्या आणि माझ्याविषयी बोलल्या. मला ऐकू यावं इतपत मोठ्याने.

सोमवारी गॅरेजवाल्याने फिल्म सोडली. पत्र्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता. मात्र तेल इतकं मुरलं होतं की रंग धरायला तयार नव्हता. तीनदा धुऊन, तीनदा घासून त्याने कसाबसा रंग चढवला. आता तो मागचा कोपरा आरशासारखा झळकतो आणि बाकीची गाडी त्याच्या पणजोबांसारखी दिसते. भेटेल तो विचारतो, "कुठे धडकलात?"

गेल्या आठवड्यात पुलापाशी एका तरुण पोलिसाने थांबवलं. नव्या रंगाकडे पाहून म्हणाला, "अपघाताची नोंद केली होती का?" मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. पावसात उभं राहून त्याने शेवटपर्यंत ऐकलं, सहानुभूतीने मान हलवली आणि वहीत लिहिलं. मी डोकावून वाचलं.

'अपघात नाही. गाडीमालकाने स्वतः दुरुस्ती केली आहे. गाडी बचावली.'