चेहरा जुळत नाही

शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटाने सदस्यांचे पहिले प्रत्यक्ष स्नेहसंमेलन घ्यायचे ठरवले आणि इतकी वर्षे सुखाने चाललेल्या मैत्रीला नसते दुखणे लागले.

गटाचे कार्यवाह ओळखपत्रांच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. हयातभर त्यांनी माणसे आणि फोटो ताडून पाहिले होते, आणि दोहोंत फरक पडला तर चूक माणसाची असते, असे त्यांचे ठाम मत होते. दुसऱ्या कुठल्याशा गटाच्या संमेलनात एक अनोळखी इसम येऊन पोटभर जेवून गेल्याचे त्यांच्या कानावर आले. झाले! त्यांनी चेहरा-पडताळणी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद नाइलाजाने स्वतःकडे घेतले आणि परिपत्रक काढले, की गटात ज्याचा जो फोटो आहे त्याच चेहऱ्याला सभागृहात प्रवेश मिळेल. सगळ्यांनी 'स्तुत्य निर्णय' असे लिहिले. वाचले अर्थात कोणीच नाही.

चष्म्यांचे दुकान चालवणारे एक गृहस्थ, ज्यांना गटात सगळे चष्मेवाले म्हणत, त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात बोलायला मुलगा होता आणि भिंती होत्या. पैकी भिंती निदान ऐकून घेत. त्या दिवसांत गटातल्या गणिताच्या बाई त्यांना रोज न चुकता विचारत, "जेवलात का?" या एका प्रश्नाच्या आधाराने माणूस सावरला होता. बाईंना समोर बसवून "तुमच्यामुळे तगलो" एवढे एकदा तोंडाने सांगायचे, म्हणून ते आले होते. कोडी काय, घरीही सुटतात.

दारात कार्यवाहांनी मोबाइलकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा मोबाइलकडे पाहिले.

"चेहरा जुळत नाही."

"अहो, फोटो जरा जुना आहे."

"फोटो आहे तसाच आहे. जुने तुम्ही झालात. फोटोत केस आहेत."

"होते. गेले."

"गटाला कळवलंत?"

केस गेल्याचे चष्मेवाल्यांनी गटाला कळवले नव्हते, हे खरेच होते. ते बाजूला उभे राहिले.

तेवढ्यात त्यांचा मुलगा गाडी लावून वर आला. बापाचे नाक, बापाची हनुवटी आणि बापाचे एकेकाळचे केस घेऊन तो दारात उभा राहताच कार्यवाह ताडकन उठले.

"या, या, चष्मेवाले! केव्हाची वाट बघतोय!"

"मी त्यांचा मुलगा. मला कोडीबिडी काही येत नाहीत."

"विनय असावा माणसाला, पण किती!" म्हणत कार्यवाहांनी त्याच्या छातीवर बिल्ला लावला.

"बाबा, आत जेवण आहे म्हणतात," मुलगा जाता जाता म्हणाला. "मी जरा बघून येतो."

मग पडताळणीने वेग घेतला. मांजराचा फोटो लावणाऱ्या वकीलबाईंना घरून मांजर आणावे लागले. मांजर आत गेले, वकीलबाई बाहेर राहिल्या. दंतवैद्यांनी नातीचा फोटो लावला होता, म्हणून नात पहिल्या रांगेत बसली. सूर्यास्ताचा फोटो लावणाऱ्या बँकेच्या साहेबांना संध्याकाळी यायला सांगण्यात आले. बघता बघता खरा गट सगळा व्हरांड्यात जमला. तिथेच गप्पा रंगल्या असत्या, पण अनोळखी माणसांशी बोलायचे तरी कसे? सगळे मोबाइल काढून गटावर एकमेकांना विचारत राहिले, "पोहोचलात का?"

शेवटी पांढऱ्या केसांच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक बाई आल्या.

"अहो, मी गणिताची बाई! मीच मी आहे हे आता मी सिद्ध करून दाखवू?"

"फोटोत काळी वेणी आहे," कार्यवाह म्हणाले. पण बाईंचा गुडघा पाहून त्यांनाही दया आली. "एक तरतूद आहे. परस्पर-ओळख. दोन नामंजूर सदस्यांनी एकमेकांना ओळखलं, तर दोघांनाही आत सोडता येतं. तुमचं नेहमीचं बोलणं कोणाशी?"

"चष्मेवाल्यांशी. रोज."

"एक चष्मेवाले आत जेवतायत. पण हेही गृहस्थ स्वतःला चष्मेवाले म्हणवतात. नीट बघून सांगा, हेच का ते?"

दोघे समोरासमोर आले. बाईंनी टक्कल पाहिले, सुटलेले पोट पाहिले. चष्मेवाल्यांनी सुरकुत्या पाहिल्या. ह्याच बाई, हे त्यांना मनोमन पटले होते, आणि तेच त्यांना नको होते. काळ्या वेणीशी इतके दिवस बोलल्यावर ही समोरची बाई चक्क त्यांच्याच वयाची निघाली होती.

"छे हो," बाईच आधी म्हणाल्या. "ते असे नाहीत."

"ह्या त्या बाई नव्हेत," चष्मेवाले म्हणाले.

"बघा!" कार्यवाह म्हणाले. "आणि नावं समितीला ठेवता!"

घरी गेल्यावर बाईंचा संदेश आला. "आज यायला जमलंच नाही. गुडघा फार दुखत होता. तुम्ही गेला होतात?"

चष्मेवाल्यांनी बरेच काही लिहिले, पुसले, आणि पाठवले, "नाही हो. दुकानात गर्दी. भेट हुकली, वाईट वाटलं."

"मलाही. पुढच्या वेळी नक्की."

वाईट दोघांनाही खरेच वाटले होते. तेवढेच एक खरे होते.

मग कार्यवाहांनी संमेलनाचा फोटो गटावर टाकला. मधोमध मांजर, शेजारी नात, मागे तोंडात घास घेतलेला मुलगा. व्हरांड्यात उभे राहून पाय दुखलेल्या प्रत्येकाने खाली लिहिले, "वा! कोणी जरासुद्धा बदललेलं नाही!" त्या कौतुकाखाली एक नुसता अंगठा आहे, फोटो न बघताच दिलेला. तुम्ही म्हणाल, मी त्या गटात नाही. आपण कोणकोणत्या गटांत आहोत, हे कुणाला आठवते? मोबाइल उघडून बघा. तो अंगठा तुमचा आहे.