खर्च आईचा, इन्व्हेस्टमेंट बाबांची

बोनस हातात पडला त्या दिवशी बाबांनी एक अगदी साधा निर्णय घेतला. ऑफिसातून घरी येताना वाटेतल्या फर्निचरच्या दुकानात नुसतं डोकावायचं. (बाबा जिथे नुसतं डोकावतात, तिथून टेम्पो निघतो.)

संध्याकाळी दारात टेम्पो थांबल्याचा आवाज आला, तेव्हा आईच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो आनंद पसरला. तिने लेकीला हाक मारून बाथरूमबाहेरची बोळकंडी रिकामी करायला लावली, फरशी पुसून घेतली आणि जुन्या वॉशिंग मशीनकडे, आता तुझे दिवस भरले, अशा नजरेने पाहिलं. नवं मशीन यंदा नक्की, हे बाबांनी सलग तिसऱ्या वर्षी कबूल केलं होतं.

दोन हमाल धापा टाकत जिना चढून आले. त्यांनी आणलेली वस्तू काळी, तुकतुकीत आणि गलेलठ्ठ होती. तिला हात होते, पाय होते आणि मागे उशी होती.

"हे काय?" आईने विचारलं.

"मसाज चेअर. बसून तर बघ."

"मशीन कुठंय?"

"अगं, मशीन म्हणजे नुसता खर्च. ही इन्व्हेस्टमेंट आहे. आरोग्यातली. तुझ्या कमरेसाठीच घेतली."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण 'इन्व्हेस्टमेंट' हा शब्द तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. त्या घरात त्याचा अर्थ ठरलेला होता. बाबांनी आणलं की इन्व्हेस्टमेंट, आईने मागितलं की खर्च. बाबांची दुर्बीण इन्व्हेस्टमेंट होती, आईचा चष्मा खर्च होता. बाबांची गिटार ही मनःशांतीतली इन्व्हेस्टमेंट. (तिच्या तारा तुटल्यावर तिच्यावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात झाली, तेवढाच काय तो परतावा.) आणि गॅसच्या शेगडीचा गंजलेला बर्नर बदलायचा म्हटलं, की "पुन्हा खर्च काढलास?" आईने बाबांचं नाव 'अर्थमंत्री' ठेवलं होतं. बाबांना ते कौतुकच वाटायचं.

त्या रात्री आई जेवायला वाढताना एक शब्द बोलली नाही. ताटं मात्र बरंच काही बोलली.

आता त्या जुन्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. ते कपडे धुवायचं ठीक, पण पिळायला लागलं की त्याच्या अंगात यायचं. थरथरत, आपटत ते जागेवरून चालायला लागायचं आणि मोकळं सोडलं तर नळाला लावलेला पाइप उपटून पुढे जायचं. म्हणून ते पिळायला लागलं की कुणीतरी त्याच्यावर बसावं लागे. हे कुणीतरी म्हणजे आई. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून यायचं आणि घरी आल्यावर त्या थडथडणाऱ्या मशीनवर बसून हाडं खिळखिळी करून घ्यायची. कंबर दुखेल नाही तर काय होईल?

खुर्ची आली, पण आईच्या कमरेची आणि तिची गाठ काही पडली नाही. रोज संध्याकाळी बाबाच तिच्यात. डोळे मिटून, तोंडाने "अहाहा" करत.

रविवारी आईला दुकानात अर्धा दिवस जायचं होतं. लेक मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. आईने मशीन लावलं आणि बजावलं, "हे पिळायला लागलं की वर बसा. विसरू नका."

"मी काय लहान आहे?" बाबा म्हणाले.

दुपारी आई परत आली तेव्हा जिन्यावरून पाणी उतरत होतं. छोट्याशा झऱ्यासारखं, घाई न करता, एकेक पायरी भिजवत. खालच्या मजल्यावरच्या काकू हातात बादली घेऊन दारातच उभ्या होत्या.

"वहिनी, माझ्या बैठकीच्या खोलीत छतातून पाणी पडतंय. केव्हाची तुमचं दार वाजवतेय, आतून नुसतं 'आलो, आलो' ऐकू येतं आणि येत कुणीच नाही."

"बघते मी."

"आणि तुमचे हे पाणीपुरवठा खात्यातच आहेत ना?"

आईने चावीने दार उघडलं. मशीन बाथरूमबाहेरून निघून थेट बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि तिथे अडकून गुरगुरत होतं. मागे उपटलेला पाइप, मोकाट वाहणारा नळ, घोट्याएवढं पाणी. पाण्यावर चपला तरंगत होत्या. आणि या सगळ्याच्या मधोमध, एखाद्या बेटावर बसावं तसे, बाबा खुर्चीत बसले होते.

"अहो, नळ तरी बंद करायचा."

"उठता येत नाही."

"म्हणजे?"

"पाय धरलेत."

"कुणी?"

बाबांनी जरा विचार केला. "खुर्चीनं."

झालं होतं असं, की मशीन कपडे धूत होतं तोवर एक छोटासा मसाज घ्यावा, असं बाबांच्या मनात आलं. खुर्चीने पोटऱ्या दाबायला आतल्या हवेच्या पिशव्या फुगवल्या आणि फुगवल्या त्या तशाच ठेवल्या. रिमोटचं बटण दाबायच्या गडबडीत रिमोटच निसटून खाली पडला. तेवढ्यात मशीन पिळायला लागलं. ते हळूहळू आपल्याकडे चालत येताना बाबांनी डोळ्यांनी पाहिलं. (उंबरा नसता तर आज वेगळीच गोष्ट सांगावी लागली असती.)

आईने आधी विजेचं मेन स्विच बंद केलं, मग नळ. घर एकदम शांत झालं. पण पिशव्या काही उतरल्या नाहीत. खुर्ची विजेवाचूनही बाबांना धरून बसली.

"आता ओढ मला," बाबांनी हात पुढे केला.

आईने स्टूल घेतलं, त्यांच्यासमोर मांडलं आणि पाय वर घेऊन बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच बाबांना तिचं बोलणं अर्ध्यावर सोडून उठता येणार नव्हतं. अशी संधी पुन्हा कुठली मिळायला.

"ओढते. आधी सांगा, ही कुणासाठी घेतलीत?"

"तुझ्यासाठी. म्हटलं नव्हतं का मी?"

"मग मला एकदा तरी बसू दिलंत?"

"अगं, तो रिमोट जरा किचकट आहे. तुला जमला नसता."

आईने पाण्यात पडलेल्या रिमोटकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं.

"मी त्या डबड्यावर बसून हाडं मोडून घेते ती तुमच्याच शर्टांसाठी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच बाबा घाबरले. "तुमचे कपडे पिळले जावेत म्हणून मी पिळून निघते. ते दिसत नाही तुम्हाला. मला चष्मा लागला तो खर्च. मला मशीन हवं तो खर्च. एकदा सांगून टाका, तुमच्या हिशेबात मी कशात येते?"

बाबांनी तोंड उघडलं. या प्रश्नाचं एकही उत्तर सुरक्षित नाही, एवढं त्यांनाही कळलं. त्यांनी तोंड मिटलं.

"ही खुर्ची मी विकणार. आणि त्या पैशांचं मशीन येणार. कबूल?"

"अगं पण कुणी घेणार का?"

"कबूल?"

"कबूल."

मग आईने दोन्ही हात धरून ओढायला सुरुवात केली. बाबा इंचाइंचाने वर आले. पायजमा मात्र खुर्चीने सोडला नाही. शेवटच्या हिसक्याला बाबा बाहेर आले, पायजमा आत राहिला, आणि नेमक्या त्याच क्षणी खालच्या काकू "काय झालं ते तरी सांगा" म्हणत उघड्या दारातून आत आल्या. काकूंनी पाहिलं, बादली तिथेच ठेवली आणि आल्या पावली परत गेल्या.

खुर्ची सुकली, चालूही झाली. (रिमोट तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवला होता.) आईने कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला बोलावून आणलं. तो चारी बाजूंनी खुर्ची पाहून मान हलवू लागला.

"वस्तू छान आहे, ताई. पण खर्च फार होतोय."

"खर्च कसला, भाऊ?" आई म्हणाली. "इन्व्हेस्टमेंट आहे ही. गिऱ्हाईक दाढीला थांबलंय, तोवर हिच्यात बसवा. उठणारच नाही."

"खरंच उठत नाही," बाबा कोपऱ्यातून म्हणाले. आईने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. ते आत जाऊन बसले.

सलूनवाल्याने खुर्ची नेली. त्याच्याशी बोलताना आईच्या लक्षात आलं होतं, की 'इन्व्हेस्टमेंट' हा शब्द विकणाऱ्याच्याच तोंडी शोभतो. फर्निचरच्या दुकानात बाबांना तो फुकट मिळाला असणार आणि खुर्ची त्यावर विकत.

नवं मशीन आठवड्याच्या आत आलं. ते जागचं हलत नाही. तरी पहिल्या दिवशी ते पिळून थांबेपर्यंत आई बोळकंडीत उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि नंतर जाऊन पडली ती चांगली दोन तास झोपली. भर दुपारी. कुणी उठवलं नाही.

राहता राहिलं काकूंचं छत. त्यावर मोठा पिवळा डाग पडला होता. रंगारी बोलवायचा म्हटल्यावर बाबांच्या तोंडून "पुन्हा खर्च" असं निघून गेलं, आणि पुढच्या रविवारी ते स्वतः शिडीवर चढले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी काकूंचं छत रंगवलं. डागावर लावलेला रंग जुळेना म्हणून आजूबाजूचं रंगवलं, ते जुळेना म्हणून त्याच्या आजूबाजूचं. शेवटी खाली उतरून, कपाळावरचा रंग पुसत (म्हणजे पसरवत) त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

काकूंनी बराच वेळ वर पाहिलं. त्या मुळात भिडस्त बाई.

"तुम्ही कष्ट फार घेतलेत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण आधीचा डाग निदान एका कोपऱ्यात होता."