लवूचे पिवळे दिवे आणि भाऊरावांची मोहोर

भाऊराव तोरस्करांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, आणि आला असता तर भाऊरावांनी आधी त्याचा जन्मदाखला उन्हात धरून तपासला असता. असं लोक नव्हते म्हणत, भाऊराव स्वतःच म्हणायचे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी दुसऱ्याच्या तराजूखाली काय चिकटवलंय ते बघण्यात गेली होती. निवृत्त होऊन मुलुंड पूर्वेच्या घरात बसले, तरी नजर काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्याने कोथिंबिरीची काडी वर घातली, की हे घरी येऊन बटाटे पुन्हा तोलायचे.

त्यांचा एक सिद्धांत होता. दुकानदार जे 'घ्या' म्हणतो ते घेऊ नये; जे 'नको' म्हणतो तोच खरा माल. ह्याच सिद्धांतावर जानकीबाईंनी सुखाचा संसार केला होता. निळे पडदे हवे असले की त्या सकाळपासून निळ्या रंगाला नावं ठेवायला लागत. संध्याकाळपर्यंत निळे पडदे खिडकीला लागलेले असत.

तर अशा भाऊरावांना त्यांच्या भाच्याने, लवूने, ट्रकच्या दिव्यांबद्दल सांगायची चूक केली. लवू देवगडकडचा. नोकरी सोडून त्याने जुना ट्रक घेतला होता, आणि बागेतला हापूस दलालाच्या हाती न देता मुंबईतल्या सोसायट्यांच्या गेटवर थेट विकायचा त्याचा बेत होता. पहिलाच हंगाम होता. सुरुवात मामांच्या सोसायटीपासून व्हायची होती. इथे नाव झालं की शेजारच्या सोसायट्या आपोआप बोलावणार, आणि नाव गेलं की त्याही आपोआप दार लावणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ट्रकचे मूळचे दिवे मात्र देव्हाऱ्यातल्या समईइतकेच जळत होते. घाटात खड्डा दिसायचा तो खड्ड्यात गेल्यावर. म्हणून लवू कुर्ल्याला नवे दिवे बसवायला निघाला आणि जाता जाता मामांच्या कानावर घालावं म्हणून वर आला. मामांनी पायात चपला सरकवल्या. "एकट्याला लुबाडतील तुला," ते म्हणाले.

कुर्ल्याला माणिकशेठच्या दुकानात चार रंगांचे दिवे भिंतीवर पेटवून दाखवले गेले. खोक्यावर तीन हजार लिहिलेला हळदीसारखा पिवळा. चार हजार तीनशेचा, सकाळच्या उन्हासारखा पांढरा. सहा हजारचा ट्यूबलाइटसारखा, आणि आठ हजारचा तर चक्क निळा. माणिकशेठने सरळ सांगून टाकलं की ट्रकला चार हजार तीनशेचा घ्या, रस्ताही दिसतो आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत.

'घ्या' हा शब्द ऐकताच भाऊरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवला. हे आकडे कसले, असं त्यांनी विचारलं. माणिकशेठ म्हणाला की ते केल्विन आहेत, उजेडाच्या रंगाचं माप. तीन हजार म्हणजे वॉर्म, आठ हजार म्हणजे कूल.

"केल्विन हे उष्णतेचं माप आहे," भाऊराव म्हणाले. "आकडा वाढला की वस्तू गरम होते. तुमच्या दुकानात थंड होते?"

"काका, हे गरम-थंड हाताला नाय, डोळ्याला लागतं."

डोळ्याने माप घ्यायची पद्धत कुठल्याही कायद्यात नाही, असं सांगून भाऊरावांनी कोणी अडवायच्या आत एक बोट तीन हजारच्या पेटत्या दिव्याला लावलं आणि दुसरं आठ हजारच्या. दोन्ही बोटं सारखीच पोळली. ती तोंडात घालून त्यांनी निकाल दिला की दोन्ही दिवे सारखेच गरम आहेत, अर्थात खोक्यांवरचे आकडे खोटे आहेत. मग त्यांची नजर मागच्या फळीकडे गेली. तिथे पिवळ्या दिव्यांची खोकी धूळ खात पडली होती. माणिकशेठ काकुळतीला येऊन सांगत होता की तो माल धुक्याच्या रस्त्यांसाठी आहे, त्यात सगळं जग पिवळं दिसतं, शहरात कोणी घेत नाही. भाऊरावांनी लवूकडे अर्थपूर्ण पाहिलं. लवू हळूच म्हणाला की मधले चालतील. पण मामापुढे त्याचं कधी चाललं होतं? दिवे पिवळे बसले.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी लवूचा ट्रक हापूस घेऊन सोसायटीच्या गेटवर आला. बाहेरचा रस्ता पाइपासाठी खणलेला असल्याने खांबावरचे दिवे बंद होते. लवूने ट्रकचेच दिवे चालू ठेवले आणि त्यांच्यासमोर पेट्या दोन रांगांत लावल्या. पुढे तयार आंबे, उद्याच्या रसाला. मागे कच्चे, पेंढ्यात घालून आठवडाभर पिकवायचे. लोक जमले. आंबा आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय कोणी घ्यायचा नाही, असं भाऊरावांनी आधीच जाहीर केलेलं होतं.

त्यांनी पुढची पेटी उघडली. त्या उजेडात पिकलेले आंबे काळपट नारिंगी, नासल्यासारखे दिसत होते. मग त्यांनी मागची उघडली, आणि आत काय? सोनं. एकेक आंबा पिवळाधमक.

"मामानू, ते घेव नकात," लवू घाईघाईने म्हणाला. "ते कच्चे आसत. उद्या उजवाडात बघा."

भाऊरावांना सगळं लख्ख कळलं. नासका माल पुढे मांडायचा आणि चांगला मागे ठेवून घाटकोपरच्या श्रीमंत गिऱ्हाइकांना न्यायचा. वरून 'नको' म्हणायचं. सख्ख्या भाच्याने हे करावं याचं त्यांना वाईट वाटलं, पण नातं तराजूत घालायचं नसतं. त्यांनी लोकांना मागच्या पेट्या घ्यायला लावल्या. वास घेऊन बघावा, तर तयार आंब्यांनी सगळा ट्रकच घमघमत होता. आणि आंबा दाबून बघणाऱ्याचा हात तर भाऊराव स्वतःच धरत होते, दाबल्याने फळ नासतं म्हणून.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पेट्या वर नेताना अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी घरून लाखेची कांडी, मेणबत्ती आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेली पितळी मोहोर आणली, आणि प्रत्येक पेटीच्या सुतळीवर लाख ओतून आपल्या हाताने शिक्का मारला. लोक कौतुकाने बघत होते. लवू डोक्याला हात लावून तयार आंब्यांच्या पेट्या पुन्हा ट्रकमध्ये चढवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीबाईंनी शिक्का फोडून पेटी उघडली आणि भाऊरावांना हाक मारली. आंबे हिरवेगार होते. जानकीबाई म्हणाल्या की ह्याचं लोणचं होईल, रस काही व्हायचा नाही. भाऊराव तोंड उघडणार तोच बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश उभे होते. त्यांनी हातातला आंबा चौकटीवर आपटला. सुपारी आपटल्यासारखा आवाज आला. त्यांच्यामागे जिन्यात बाकीचे सभासद आपापला आंबा घेऊन उभे होते, आणि घरोघरी पुऱ्या तळून तयार होत्या.

अदलाबदल झाली, असं भाऊरावांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. आधी वॉचमनवर संशय घेतला, मग लिफ्टवाल्यावर, मग तळमजल्यावरच्या एका अबोल भाडेकरूवर. चंद्रप्रकाश शांतपणे म्हणाले की काही पेट्या अजून फोडलेल्याही नाहीत, शिक्के बघून घ्या. भाऊराव भिंग घेऊन पेट्यांवर वाकले. शिक्के त्यांचेच होते, अस्सल, कुठे चीर नाही. मोहोर त्यांच्याच कपाटात होती आणि किल्ली त्यांच्याच जानव्याला. आता संशयाला जागा एकच उरली होती.

त्यांनी सगळ्यांसमोर लवूला फोन लावला. "तू मला फसवलंस," ते म्हणाले. "मला. आपल्या मामाला."

लवू एवढंच बोलला की संध्याकाळी येतो. चंद्रप्रकाशांनी सांगून टाकलं की तो शेवटचा येऊ दे, यापुढे हा ट्रक ह्या गेटवर उभा राहायचा नाही. जानकीबाईंनी नवऱ्याला पुरी आणि लोणचं वाढलं आणि दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हा राग मात्र खरा होता.

संध्याकाळी अंधार पडल्यावर ट्रक आला. सगळे सभासद पेट्या घेऊन खाली जमले होते. लवू केबिनमधून उतरलाच नाही, मान खाली घालून बसून राहिला. भाऊरावांनी पंचनाम्याच्या आवाजात सुरुवात केली आणि पुरावा म्हणून पहिली पेटी दिव्यांसमोर उघडली.

आत सोनं होतं.

दुसरी उघडली, तीही तशीच. चंद्रप्रकाशांनी सकाळचा चौकटीवर आपटलेला आंबा खिशातून काढला. तो पण पिवळा झाला होता. त्यांनी तो हातात फिरवून फिरवून पाहिला आणि बायकोला विचारलं की सकाळी हाच होता ना. भाऊरावांच्या मनात आलं की लवूने आत्ता, सगळ्यांच्या देखत, पुन्हा बदलले.

जानकीबाई मात्र ट्रकपाशी गेल्या आणि लवूला दिवे बंद करायला सांगितलं. मग मोबाइलचा टॉर्च पेटीवर धरला. आंबे हिरवे. त्यांनी दिवे लावायला सांगितलं. आंबे पिकले. बंद, हिरवे. चालू, पिकले. शेवटी दिवे चालूच ठेवून त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून समोर उभं केलं. भाऊरावांचा पांढराशुभ्र सदरा आणि पांढरीशुभ्र मिशी दोन्ही हळद लागल्यासारखी दिसत होती. कोणीतरी आधी खोकलं, मग सगळेच हसले.

"हे असले दिवे निवडले कोणी?" चंद्रप्रकाशांनी विचारलं.

"मीच," लवू केबिनमधून म्हणाला. "मामा नको म्हणत होते."

भाऊरावांना पहिल्यांदा संशयच आला. हा आपल्याला का वाचवतोय, ह्याला काय हवंय? मग त्यांनी वर पाहिलं. सकाळी ज्याला सगळ्यांसमोर चोर ठरवलं, तो पोरगा स्टीअरिंगवर हात ठेवून खाली बघत होता. भाऊरावांनी जानकीबाईंच्या हातातून दंड सोडवून घेतला.

"खोटं बोलतोय तो," ते म्हणाले. "दिवे मी निवडले. आंबेही मीच निवडले. तो नको म्हणत होता."

हसणं थांबलं. लवूने खाली उतरून सांगितलं की येत्या रविवारपर्यंत पेंढ्यात राहू द्या, ज्याला पटत नसेल त्याने पेटी परत करावी. चंद्रप्रकाशांनी विचार करून तोडगा काढला. सगळ्यांनी थांबायचं, पहिला आंबा भाऊरावांनी चाखायचा, आणि ते सांगतील त्यावर ट्रकला गेटवर उभं राहू द्यायचं की नाही ते ठरवायचं. चाखून बघण्यात तरी कुठला दिवा आड येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊराव स्वतः लवूला कुर्ल्याला घेऊन गेले. त्या दिवशी सकाळीच जानकीबाईंनी लवूकडून माणिकशेठचा नंबर मागून घेतला होता, पण ते भाऊरावांना कळायचं काही कारण नव्हतं. माणिकशेठने त्यांना बघताच आठ हजारचे निळे दिवे काउंटरवर मांडले आणि त्यांची तोंड भरून स्तुती सुरू केली. चार हजार तीनशेचं खोकं मात्र त्याने पायाने टेबलाखाली सरकवलं.

"ते काय लपवताय?" भाऊरावांनी विचारलं.

"ते ऱ्हाऊ द्या काका. तुमच्या कामाचं नाय."

भाऊराव मनात हसले. अर्ध्या तासात चार हजार तीनशेचे दिवे ट्रकला लागले. येताना भांडुपपर्यंत ते लवूला समजावून सांगत होते की असा माणूस ओळखायचा कसा. लवू आरशात मागची गाडी बघत होता, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

रविवार यायच्या आधीच, गुरुवारी, भाऊरावांनी पेंढा बाजूला सारून बघितलं. आंबे पिवळे व्हायला लागले होते, आणि तेही भर दुपारच्या उन्हात. त्यांनी रस काढायला सांगितला. जानकीबाई म्हणाल्या की तीन-चार दिवस राहू द्या, आंबट होईल. 'राहू द्या' म्हणताच भाऊरावांनी ओळखलं की ही ते आंबे आपल्या भावासाठी ठेवतेय. त्यांनी स्वतः आंबे पिळून रस काढला आणि लवूला जेवायला बोलावलं.

पानं वाढून झाली. भाऊरावांनी वाटी उचलून पहिला घोट घेतला आणि त्यांचा उजवा डोळा आपोआप मिटला. दात आंबले. कानामागे कुठेतरी शीर उडायला लागली. त्यांनी उघड्या डोळ्याने जानकीबाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या बाईने पहिल्यांदाच जे आहे ते सरळ सांगितलं होतं, आणि नेमकं तेच त्यांनी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात उघड्या दारात चंद्रप्रकाश येऊन उभे राहिले. खाली कमिटीची मीटिंग चालू आहे आणि ट्रकचा विषय निघालाय, असं ते म्हणाले. "काय भाऊराव, सुरुवात केलीत वाटतं? कसा आहे आंबा?"

लवूचा हात पुरीवर थांबला. त्याने मामांकडे पाहिलं नाही.

भाऊरावांनी तोंडातला घोट गिळला. "साखर आहे," ते म्हणाले. "नुसती साखर. गेट उघडं ठेवा त्याला, दर वर्षी."

चंद्रप्रकाशांनी त्यांच्या मिटलेल्या डोळ्याकडे जरा निरखून पाहिलं. हल्ली सोसायटीत सगळ्यांनाच संशयाची सवय लागली होती. ते चपला काढून आत येत म्हणाले की मग एक चमचा आपणही बघतो. भाऊरावांनी वाटी दोन्ही हातांनी धरली, तोंडाला लावली आणि सगळी रिकामी करून खाली ठेवली. मग शेजारची लवूची वाटीही ओढून घेतली आणि तीही संपवली.

"संपला," ते म्हणाले. आता दोन्ही डोळे मिटले होते.

चंद्रप्रकाश हसत खाली गेले. एवढा आवडला म्हणजे आंबा चांगलाच असणार, असं ते जिन्यात कोणाला तरी सांगत होते. लवू ताटाकडे बघत बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते. जानकीबाईंनी रसाचं पातेलं उचललं, आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "आता आणखी नका घेऊ."

आणि भाऊरावांनी आयुष्यात पहिल्यांदा, कसलाही संशय न घेता, बायकोचं ऐकलं.