सोमवारी निघते, रविवारी पोचते

घड्याळजींनी बैठकीच्या खोलीला रंग काढायचं मनावर घेतलं आणि सगळं तिथंच फिसकटलं. नाहीतर माणूस बरा हो. बंद पडलेली घड्याळं चालू करायचा, एवढ्यावरच स्वतःला काळाचा बाप समजायचा.

लेकीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा समुद्रापलीकडचा, पण पोरीच्या मनात पक्का भरलेला. त्याची आई घर बघायला येणार होती आणि तिचा नकार म्हणजे नकार, असं सगळे सांगत. तिचा निरोप आला, सोमवारी निघते, रविवारी पोचते.

बायकोला शंका आली. विमानाला का आठवडा लागतो, एकदा विचारून तरी घ्या, म्हणाली.

"वेळेतलं मला शिकवू नकोस. बोटीनं येत असतील."

(बाईंना बोट लागली तर, म्हणून लिंबंसुद्धा आणली शहाण्यानं.)

तर अजून आठवडा हाताशी आहे म्हणून आधीच्या रविवारी खुर्च्या रस्त्यावर, कपाट जिन्याखाली आणि घड्याळजी शिडीवर. संध्याकाळी होणाऱ्या जावयाचा फोन आला. आई उतरली का, विचारत होता.

"आज कशा उतरतील? उद्या निघायच्यात ना?"

"अहो बाबा, आमच्याकडं सोमवार केव्हाच उजाडला. सूर्य आधी आमच्याकडं उगवतो, मग फिरत फिरत तुमच्याकडं. मधे समुद्रात एक रेघ ठरवलीय, तिथं वार बदलतो. आई ती ओलांडून सोमवारातून परत रविवारात आली."

घड्याळजींच्या तोंडावर बारा वाजले. बायको टॅक्सी बघायला धावली. लेक ओल्या भिंतीकडं बघत राहिली, आणि ते त्यांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं. एका पायात चप्पल घालून ते बाहेर पळाले, तर दारातच टॅक्सी थांबलेली. विहीणबाई बॅग घेऊन उतरत होत्या.

"रंगारीदादा, घड्याळजी इथंच राहतात का?"

इथंच, म्हणाले. घरात आहेत का? आहेत, म्हणजे येतील. (स्वतःच्याच घरी, बरं का.) मग बाईंनी विचारलं, मला घ्यायला का नाही आले?

"त्यांना वाटलं... तुम्ही पुढच्या रविवारी येणार. बोटीनं."

तेवढ्यात कोपऱ्यावरून बायको ओरडली, "अहो, अजून इथंच? विमानतळावर त्या ताटकळत असतील की."

विहीणबाईंनी त्यांना केसांतल्या चुन्यापासून अनवाणी पायापर्यंत न्याहाळलं. लेक दारात येऊन उभी राहिली. बाई रस्त्यावरच्या खुर्चीवर बसल्या.

"मागच्या ठिकाणी मुलीचे वडील मनगटाकडं बघत दारात उभे होते. आमच्या पोराला जरा उशीर झाला, तर चारचौघांत बोलले. पोराला जन्मात वेळ पाळता आली नाही हो, करणार काय? त्यात हे घड्याळजीचं घर, म्हणून माझा जीव नुसता टांगणीला."

त्यांनी पदरानं घाम टिपला आणि पहिल्यांदा हसल्या.

"घोर मिटला. तुमच्या शेजारी उभा केला, की पोरगा वक्तशीर दिसेल."